कुटुंबासाठीच्या व्हिसाची फाईल आणि राजारामपुरीतील एक सल्ला कार्यालय : सविस्तर अभिप्राय

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका व्हिसा सल्ला कार्यालयाकडून मी माझ्या आणि माझ्या मुलीच्या जर्मनीच्या कुटुंब-पुनर्मीलन व्हिसाचे, म्हणजे तेथे असलेल्या सदस्याकडे कुटुंबाने राहायला जाण्याच्या व्हिसाचे, काम करून घेतले. माझी पत्नी परिचारिका असून दक्षिण जर्मनीतील एका लहान शहरात रुग्णालयात नोकरी करते. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो. व्हिसा आता हाती आला आहे. निघण्यापूर्वी हा अभिप्राय लिहीत आहे, कारण याच वाटेवर असलेली अनेक कुटुंबे मला या काळात भेटली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : किती दिवस लागतात? कार्यालयाचे नाव मी देत नाही. तेथे जे चांगले आढळले आणि जे खटकले, ते या व्यवसायातील बहुतेक कार्यालयांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडते. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. कागदपत्रांची फाईल निर्दोष करून घेण्यासाठी अशा कार्यालयाला फी देणे योग्य आहे. फाईल दाखल झाल्यानंतरचा काळ कमी करून देण्याच्या आश्वासनासाठी मात्र एक रुपयाही देऊ नये, कारण तो काळ कोल्हापुरातील कोणाच्याही हातात नसतो.

पूर्वी आपल्याकडून बाहेर जाणारा माणूस बहुधा आखाताकडे जाई आणि कुटुंब गावीच राहणार हे गृहीत धरलेले असे. आता चित्र बदलत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला, जर्मन भाषेच्या शिकवण्या शहरात वाढल्या आणि परिचारिकांना तिकडे मोठी मागणी असल्याने अनेक घरांतून आधी पत्नी गेली व पती मुलांसह मागे राहिला. मुलीची वेणी घालून तिला शाळेत सोडून कामावर जाणारा पुरुष आमच्या गल्लीच्या अजून अंगवळणी पडलेला नाही. ‘ती तिकडेच राहणार का?’ हा प्रश्न नातेवाईक सहज विचारतात, आणि उत्तर एका परक्या देशातील कार्यालयाच्या टपालावर अवलंबून असते, हे त्यांना समजावून सांगता येत नाही. प्रतीक्षेचा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही, हे एवढ्यासाठी नमूद केले.

या कार्यालयाची सर्वांत मोठी जमेची बाजू पहिल्याच भेटीत दिसली. समोरच्या बाईंनी पैशांविषयी बोलण्याआधी पत्नीच्या निवास परवान्याचा फोटो मागवला आणि तो जर्मनीच्या निवास कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिलेला आहे हे पाहिले. जर्मनीला जाणाऱ्या आपल्याकडील बहुतेक परिचारिका प्रथम कलम १६ डी खाली जातात. म्हणजे त्यांच्या भारतीय शिक्षणाला पूर्ण मान्यता मिळण्यासाठी तेथे प्रशिक्षण किंवा परीक्षा पूर्ण करायची असते. मान्यता मिळाल्यावर कलम १८ ए खाली कुशल कामगाराचा परवाना मिळतो. परवान्यावरचे हे कलम बदलले की कुटुंबासाठीच्या अटीही बदलतात. १६ डी च्या काळात मागून येणाऱ्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए-१, म्हणजे सर्वांत प्राथमिक, पातळी उत्तीर्ण असल्याचे दाखवावे लागते आणि कुटुंबाला पुरेल अशी राहण्याची जागाही दाखवावी लागते. रुग्णालयाच्या वसतिगृहातील एका खोलीत राहणारी परिचारिका ही दुसरी अट कशी पूर्ण करणार? १८ ए मिळाल्यावर जोडीदाराला भाषेच्या प्रमाणपत्राची अट राहत नाही. ही सवलत २०२२ च्या अखेरीस झालेल्या कायद्यातील बदलाने आली. पुरेशा जागेच्या पुराव्याची अट कुशल कामगारांच्या जोडीदारांसाठी आणि अल्पवयीन मुलांसाठी १ मार्च २०२४ पासून काढून टाकण्यात आली.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, घाईने १६ डी च्या काळात फाईल लावली तर ती जागेच्या मुद्द्यावर अडकून पडण्याची शक्यता मोठी असते, आणि थांबायचे ठरवले तर मान्यता कधी मिळेल याची खात्री नसते. बाईंनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या आणि निर्णय आमच्यावर सोपवला. आम्ही परवाना बदलेपर्यंत थांबलो. त्या काळात मी ए-१ चा अभ्यास केला आणि पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षा दिली, कारण कायद्याने लागत नसली तरी तेथे जाऊन काम शोधायचे असेल तर भाषा लागणारच आहे. कुटुंब-पुनर्मीलनाच्या परवान्यावर गेलेल्या जोडीदाराला जर्मनीत नोकरी करण्याची मुभा असते, ही गोष्टही मला प्रथम याच कार्यालयात कळली. दहा-बारा वर्षे ओतकामाच्या दर्जात लक्ष घातलेल्या माणसाला तिकडे रिकामे बसावे लागणार नाही, हे समजल्यावर मन हलके झाले.

कागदपत्रांच्या बाबतीत त्यांचे काम खरोखर वाखाणण्यासारखे आहे, आणि आपल्याकडील कुटुंबांचा बहुतेक विलंब याच टप्प्यावर होत असल्याने त्याविषयी विस्ताराने लिहितो. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. काही कागदांवर बदलते, काहींवर तसेच राहते. माझ्या पत्नीचा पासपोर्ट, नर्सिंगची पदविका आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आहे. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर साहजिकच तिचे माहेरचे नाव आहे. मुलीच्या जन्म दाखल्यावर मात्र आईचे नाव सासरचे, म्हणजे तिच्या नावापुढे माझे नाव व माझे आडनाव असे आहे. आपल्या घरी यात कोणाला काही वावगे वाटणार नाही; परंतु हजारो किलोमीटर दूर बसलेल्या अधिकाऱ्याला जन्म दाखल्यातील आई आणि त्याच्या शहरातील परिचारिका या दोन वेगळ्या स्त्रिया वाटू शकतात, आणि तशी शंका आली की फाईल चौकशीसाठी बाजूला पडते.

शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी मला राजपत्रात पत्नीचे नाव बदलून घेण्याचा सल्ला मिळाला होता. राजारामपुरीच्या बाईंनी त्याला ठाम नकार दिला. राजपत्राने नाव बदलले की पासपोर्ट बदलावा लागतो, त्यापाठोपाठ नर्सिंगची नोंदणी, आणि मग जर्मनीत मोठ्या कष्टाने मिळवलेली मान्यता व निवास परवाना यांवरील नावही जुळेनासे होते. त्यांनी उलट दिशेने जाण्यास सांगितले : जो कागद विसंगत आहे तोच दुरुस्त करायचा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार नोंदीतील चूक दुरुस्त करता येते. त्यासाठी आमचे विवाह प्रमाणपत्र, पत्नीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केला. केवळ नोटरीकडून ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असे लिहून घेऊन भागवू नका, असे त्यांनी बजावले होते. ते प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून ठेवले, पण मूळ नोंद दुरुस्त झाल्याशिवाय फाईल पुढे सरकवली नाही. या दुरुस्तीत बरेच आठवडे गेले. मला तेव्हा तो वेळ वाया जात आहे असे वाटत होते. आज मी म्हणेन की संपूर्ण सेवेतील सर्वांत मौल्यवान सल्ला तोच होता.

दुसरा प्रामाणिकपणा ॲपोस्टीलच्या, म्हणजे कागदपत्र परदेशात खरे मानले जावे म्हणून हेग करारानुसार त्यावर मारल्या जाणाऱ्या शिक्क्याच्या, बाबतीत दिसला. भारत २००५ पासून ॲपोस्टीलच्या हेग करारात असला तरी जर्मनीने भारताच्या प्रवेशास आक्षेप घेतलेला असल्याने भारतीय ॲपोस्टीलचा शिक्का जर्मनीत ग्राह्य धरला जात नाही. तरीही शहरात ‘जर्मनीसाठी ॲपोस्टील’ करून देतो असे सांगून प्रत्येक कागदामागे पैसे घेणारे आहेत. मी ज्या कार्यालयाविषयी लिहीत आहे, तेथे ही सेवा उपलब्ध असूनही ‘तुम्हाला लागत नाही, पैसे वाचवा’ असे सांगण्यात आले. गिऱ्हाईक आपणहून पैसे द्यायला तयार असताना त्याला नको म्हणणे सोपे नसते.

आता प्रतीक्षेविषयी. कार्यालयाच्या दर्शनी काचेवर ‘फॅमिली व्हिसा ९० दिवसांत’ अशी पाटी आहे, आणि माझी मुख्य तक्रार या पाटीविषयी आहे. आत बसलेल्या बाई असे कोणतेही वचन देत नाहीत; उलट मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, फाईल मुंबईत जमा झाली की पुढचं माझ्या हातात काही नाही. कुणी आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका.” मग काचेवर ती पाटी कशासाठी? आत येणारा माणूस ती वाचूनच आत येतो, मुलांच्या शाळेचे आणि घरभाड्याचे हिशेब तिच्यावर मांडतो, आणि तीन महिने उलटले की आपल्या फाईलमध्ये काहीतरी खोट आहे या शंकेने पोखरला जातो.

वस्तुस्थिती अशी आहे. अर्ज मुंबईत जमा होतो, बोटांचे ठसे घेतले जातात, प्रौढासाठी ७५ युरो आणि अल्पवयीन मुलासाठी ३७.५० युरो इतके शुल्क रुपयांत भरले जाते. पण निर्णय मुंबईतील जर्मन वाणिज्य दूतावासाला एकट्याने घेता येत नाही. पत्नी ज्या शहरात राहते तेथील परदेशी नागरिक कार्यालयाची, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डेची, संमती लागते. ते कार्यालय पत्नीचा पगार, नोकरीचा करार, आरोग्य विमा, राहण्याचा पत्ता हे सर्व तपासते आणि आपले मत मुंबईला कळवते. त्यानंतरच व्हिसा पासपोर्टवर चिकटवला जातो. त्यामुळे एकाच दिवशी मुंबईत जमा झालेल्या दोन फायलींचे भवितव्य वेगवेगळे असू शकते. माझ्यासोबत त्या दिवशी रांगेत असलेल्या सांगलीच्या एका गृहस्थांचा व्हिसा माझ्या कितीतरी आधी आला. त्यांची पत्नी दुसऱ्या शहरात होती, एवढाच फरक. आमच्या बाबतीत मुंबईतील टप्पा लवकर आटोपला आणि उरलेला सगळा काळ त्या एका लहान कार्यालयात गेला.

युरोपीय संघाच्या २००३ च्या कुटुंब-पुनर्मीलन निर्देशात अर्जावर नऊ महिन्यांत निर्णय द्यावा, अशी कमाल मर्यादा घातलेली आहे आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांत ती वाढवण्याचीही मुभा आहे. म्हणजे युरोपचा कायदाच नऊ महिने गृहीत धरतो. लहान मुलासाठी नऊ महिने म्हणजे काय, हे दूरध्वनीवर आईचा आवाज ऐकून झोपी जाणाऱ्या मुलीकडे पाहून मी शिकलो आहे, आणि ही मर्यादा अधिक कडक असायला हवी असे मला मनापासून वाटते. पण जोपर्यंत ती तशी आहे, तोपर्यंत राजारामपुरीतील काचेवर ९० चा आकडा लिहिणे अयोग्य आहे.

प्रतीक्षेच्या काळात उपयोगी पडली ती एकच गोष्ट, आणि ती येथून नव्हे तर तेथून करावी लागते. अर्ज जमा झाल्यावर पत्नीने स्वतः त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाला ई-मेल लिहून अर्जाचा क्रमांक कळवला, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या व भाडेकरार आपणहून पाठवला, आणि भाडेकरार बदलल्यावर नवा करारही त्याच दिवशी पाठवला. कोल्हापुरातून मुंबईला वारंवार विचारणा करण्याने काही साधत नाही. ‘पाठपुराव्यासाठी’ म्हणून वेगळी रक्कम मागणारी कार्यालये नेमके काय करणार, हे त्यांना लेखी विचारावे.

एका बाबतीत मात्र हे कार्यालय कमी पडते. जर्मन कायद्याच्या कलम ८१ ए मध्ये कुशल कामगारांसाठी जलद प्रक्रिया आहे. नोकरी देणारी संस्था ४११ युरो शुल्क भरून तेथील परदेशी नागरिक कार्यालयातून आधीच संमती घेते. मग व्हिसा अर्जासाठीच्या भेटीची वेळ तीन आठवड्यांत आणि परिपूर्ण अर्जावर निर्णय त्यापुढील तीन आठवड्यांत, असा नियम आहे. फारसे कोणाला ठाऊक नसलेला भाग असा की, पती किंवा पत्नी आणि अल्पवयीन मुले यांनी त्याच सुमारास अर्ज केला तर त्यांचाही समावेश याच जलद प्रक्रियेत होतो. आमच्यासाठी वसतिगृहातील खोली आणि १६ डी च्या अटी यांमुळे हा मार्ग उपयोगाचा नव्हता. परंतु अभियांत्रिकीची पदवी घेऊन गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या कारखान्यांतून थेट जर्मन कंपनीत जाणाऱ्या मुलांसाठी तो निर्णायक ठरू शकतो. आधी एकटा जातो, जम बसला की कुटुंबाला बोलावतो, हा आपल्याकडचा रूढ विचार अशा वेळी कुटुंबाला जलद रांगेतून काढून सामान्य रांगेत उभा करतो. कार्यालयाच्या माहितीपत्रकात या कलमाचा उल्लेखसुद्धा नाही. नोकरीचा करार हाती येताच, सही करण्यापूर्वी, कंपनीला याविषयी विचारावे, अशी प्रत्येक अभियंत्याला माझी विनंती आहे.

माहितीपत्रकात आणखी एक जुनी ओळ राहून गेली आहे : व्हिसा नाकारला गेल्यास फेरविचाराचा अर्ज विनामूल्य करून देऊ. जर्मनीने ही फेरविचाराची पद्धत १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली आहे. आता नकार आल्यास नव्याने अर्ज करणे किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणे, एवढेच उरते. जी सेवा अस्तित्वातच नाही तिचे आश्वासन छापील स्वरूपात देणे चुकीचे आहे, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. पुढील छपाईत ती ओळ असणार नाही, अशी अपेक्षा आहे.

याच कार्यालयात आखाती देश आणि ब्रिटनसाठीही काम चालते. त्याचा मला प्रत्यक्ष अनुभव नसला तरी बसल्या जागी जे ऐकले ते नियमांशी ताडून पाहिले. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी प्रतीक्षेपेक्षा पगार हाच खरा अडसर आहे. महिना ४,००० दिर्‍हम, किंवा ३,००० दिर्‍हम आणि राहण्याची जागा, ही अट असल्याने लेबर कॅम्पमध्ये राहणाऱ्या माणसासाठी तो दरवाजा बंदच असतो. अमिराती हेग करारात नसल्याने तेथे ॲपोस्टील नव्हे, तर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्यांचा दूतावास या क्रमाने साक्षांकन लागते. कार्यालय हे बरोबर सांगते. ब्रिटनच्या बाबतीतही त्यांनी माझ्यासमोर एका बाईंना खरे ते सांगितले : ११ मार्च २०२४ पासून केअर वर्कर (वृद्ध व आजारी व्यक्तींची देखभाल करणारे) म्हणून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार व मुले नेता येत नाहीत आणि जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबली आहे. ‘जोडीने ब्रिटनला चला’ अशा जाहिराती अजूनही मोबाईलवर फिरत असताना, समोर बसलेल्या ग्राहकाला नाही म्हणणारे कार्यालय विश्वासाला पात्र आहे असे मी मानतो.

खर्चाविषयी थोडक्यात. दोन अर्जांसाठी मिळून आम्ही २५ हजारांच्या आसपास फी दिली. शासकीय शुल्क, प्रवास आणि विमा वेगळा. पावती मिळाली, परंतु तीवर कोणती कामे समाविष्ट आहेत याचा तपशील नव्हता. तो मी मागून घेतला. अर्ज भरण्याचे जर्मन परराष्ट्र खात्याचे ऑनलाइन पोर्टल २०२५ च्या आरंभापासून सर्व व्हिसा कार्यालयांसाठी खुले झाले आहे आणि ते वापरण्यास वेगळे शुल्क नाही. ज्यांची नावे सर्व कागदांवर एकसारखी आहेत, ज्यांचे विवाह प्रमाणपत्र व मुलांचे दाखले मराठीसोबत इंग्रजीतही आहेत आणि ज्यांना इंग्रजी अर्ज वाचण्याचा सराव आहे, त्यांनी फी वाचवून स्वतः अर्ज करावा. ज्यांच्या घरी नावांचा गुंता आहे, किंवा परवान्याचे कलम बदलण्याच्या मार्गावर आहे, त्यांनी येथे नक्की जावे. ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असा सल्ला कोठेही मिळाला, तर तेथून उठून यावे. सर्वसाधारणपणे तसे बदलून मिळत नाही आणि परत येऊन सर्व काही पहिल्यापासून करावे लागते.

कार्यालयाची सेवा व्हिसा मिळाल्यावर संपते, हे लक्षात ठेवावे. पासपोर्टवर मिळतो तो प्रवेशाचा व्हिसा. तेथे पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी करून त्याच परदेशी नागरिक कार्यालयातून निवास परवाना घ्यावा लागतो आणि त्याच्या भेटीची तारीखही लवकर मिळत नाही. पत्नीने आमची तिकिटे काढण्याआधीच ती तारीख मागून ठेवली आहे. मुलीला सरकारी आरोग्य विम्यात जादा हप्त्याशिवाय कुटुंब सदस्य म्हणून घेता येते, त्यामुळे विमा कंपनीलाही तिने आगाऊ कळवले आहे. विवाह प्रमाणपत्र आणि दुरुस्त जन्म दाखला यांच्या मूळ प्रती हातातील बॅगेत ठेवाव्यात, ही बाईंची शेवटची सूचना होती, आणि तीही मी पाळणार आहे.